फिलिपिन्सचा कायदा, ख्रिस्तसभेची शिकवण आणि संततिनियमन : नेमकं अडतं कुठे?

सांजवारा

नमस्कार मंडळी. कॅथलिक चर्चचा कृत्रिम संततिनियमनाला विरोध, हा विषय निघाला की दोन ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक, "चर्चमुळे गरीब देशांत बायका मरतात." दुसरं, "चर्चचं ऐकतंय कोण? गोव्यात चौथा हिस्सा ख्रिस्ती आणि एकूण जननदर (बाईमागे सरासरी मुलं) १.३." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या ख्रिस्ती स्त्रियांचा जननदर १.८८ आहे, म्हणजे हिंदू स्त्रियांपेक्षाही किंचित कमी. मग भांडण कशाचं?

तरीही फिलिपिन्समध्ये २०१२ च्या डिसेंबरात संततिनियमनाची साधनं लोकांना मिळावीत म्हणून कायदा झाला आणि २०१७ संपत आलं तरी इम्प्लांट (दंडात बसवायचं गर्भनिरोधक) मिळत नव्हतं. म्हणजे कुठेतरी काहीतरी अडत होतंच. ते कुठे अडलं, हा माझा मुख्य प्रश्न. जोडीला दोन छोटे : शिकवणीत सूट कुठे आहे (आजारासाठी गोळ्या, बलात्कार, एचआयव्ही)? आणि नैसर्गिक पद्धतीचा आकडा कुणी ९९ टक्के सांगतं, कुणी ७६, यातलं खरं कोणतं?

चर्च चांगलं की वाईट यावर मतं नकोत, ती पुष्कळ वाचून झाली. यंत्रणा कशी चालते ते सांगा.

पानमळा

शिकवणीपासून सुरुवात करतो, कारण दोन्ही बाजू ती चुकीची सांगतात.

मूळ मजकूर म्हणजे पोप सहावे पॉल यांचं २५ जुलै १९६८ चं विश्वपत्र, 'हुमाने विते'. "देव देईल तितकी मुलं होऊ द्या" असं त्यात कुठेही नाही. दहाव्या परिच्छेदात जबाबदार पालकत्व सांगितलंय : प्रकृती, पैसा, मनःस्थिती, समाजाची परिस्थिती बघून दांपत्याने पाळणा लांबवला किंवा पुढचं मूल नको म्हटलं तर ते मान्य आहे. वाद साधनाचा आहे. प्रत्येक समागम जीवनाला खुला असला पाहिजे (परिच्छेद ११), म्हणून नसबंदी नको आणि समागमाआधी, दरम्यान किंवा नंतर गर्भधारणा रोखणारी कृतीही नको (१४). वंध्य दिवस बघून जवळ येणं चालतं (१६).

पंधरावा परिच्छेद मात्र फार कमी लोक वाचतात. आजारावरचा उपचार असेल आणि त्याच्या ओघात गर्भधारणा टळत असेल, तर तो उपचार निषिद्ध नाही, फक्त हेतू गर्भ टाळण्याचा नसावा. एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) किंवा अतिरक्तस्रावासाठी हार्मोनच्या गोळ्या यात बसतात. गर्भाशयाचा कर्करोग, पिशवी काढली, हेही बसतं. पण "पुढचं बाळंतपण जिवावर बेतेल म्हणून नळ्या बांधा" हे बसत नाही, कारण आजार नळ्यांना नाही, धोका पुढच्या गर्भारपणाचा आहे. व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक मंडळाने १९९३ साली हे स्पष्ट शब्दांत नाकारलं. २०१८ च्या डिसेंबरात त्याच मंडळाने एक बारीक फट उघडली : गर्भ जगण्याजोगा होईपर्यंत हे गर्भाशय धरूच शकणार नाही अशी डॉक्टरांची खात्री असेल तर ते काढणं म्हणजे नसबंदी नव्हे. डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन रुग्णांत फरक फार थोडा असतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र सगळा फरक तिथेच आहे.

बलात्काराबाबत : अमेरिकी बिशपांच्या रुग्णालय-नियमावलीतला ३६वा नियम म्हणतो की गर्भधारणा झाल्याचा पुरावा नसेल तर बीजोत्सर्ग किंवा फलन रोखणारं औषध पीडितेला देता येतं. जर्मन बिशपांनी २०१३ च्या फेब्रुवारीत अशाच अर्थाचा निर्णय घेतला. त्याआधी, २०१२ च्या डिसेंबरात, कोलोनमध्ये कॅथलिक रुग्णालयांनी एका पीडितेला तपासणीच नाकारली होती आणि देशभर गदारोळ झाला होता. म्हणजे प्रश्न येऊन ठेपतो तो गोळी फलनाच्या आधी काम करते की नंतर, यावर. फिलिपिन्सची सगळी मेख इथेच आहे, ते पुढचे सांगतीलच.

आणि हो, १९६३ मध्ये पोप तेविसाव्या जॉन यांनी नेमलेल्या आयोगातल्या बहुमताने बदल सुचवला होता. पुढचे पोप सहावे पॉल यांनी तो मानला नाही. कॅनडाच्या बिशपांनी १९६८ मध्येच विनिपेगला जमून, प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही पाळता न आलेल्या दांपत्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला जागा ठेवली. तेव्हा "चर्चचं म्हणणं" हा एकसंध दगड नाही.

उत्तरवाहिनी

फिलिपिन्सबद्दल. उपदेशाने कुणी गोळ्या सोडल्या असं चित्र तिथे दिसत नाही. अडलं ते खरेदीत, नोंदणीत आणि अंदाजपत्रकात.

पहिला टप्पा मनिला शहराचा. तिथे १९९१ च्या कायद्याने आरोग्यसेवा स्थानिक शासनाकडे गेल्या, म्हणजे दवाखान्यात काय ठेवायचं हे मेयर ठरवणार. २००० च्या फेब्रुवारीत मेयर लितो अतिएन्झा यांनी कार्यकारी आदेश क्र. ३ काढला. त्यात "बंदी" हा शब्द नाही. "नैसर्गिक पद्धतींना प्रोत्साहन, कृत्रिम पद्धतींना परावृत्त करणे" अशी भाषा. पण शहराच्या दवाखान्यांतून निरोध, गोळ्या, इंजेक्शन, तांबी सगळं नाहीसं झालं. लेखी बंदी नसल्यामुळे कोर्टात दाखवायला कागद नाही, ही त्या आदेशाची खुबी. २०११ मध्ये पुढच्या मेयरांनी नवा आदेश काढून निवडीचं स्वातंत्र्य मान्य केलं, पण कृत्रिम साधनांवर पालिकेचा पैसा खर्च करायचा नाही हे कलम ठेवलं. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक भेदभाव समितीने चौकशीअंती हे गंभीर आणि पद्धतशीर हक्कभंग असल्याचं म्हटलं. त्यातच अमेरिकेच्या मदतीतून येणारी फुकट साधनं टप्प्याटप्प्याने २००८ पर्यंत थांबली. ज्यांना औषधाच्या दुकानात विकत घेणं परवडत होतं त्यांना फरक पडला नाही. सरकारी दवाखान्यावर भिस्त असलेल्या बाईला पडला.

दुसरा टप्पा कायद्याचा. प्रजासत्ताक कायदा १०३५४ वर २१ डिसेंबर २०१२ ला सही झाली. २०१३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने "जैसे थे" आदेश दिला, तो लांबत गेला. ८ एप्रिल २०१४ ला निकाल लागला : कायदा घटनाबाह्य नाही, पण काही कलमं रद्द. रद्द झालं ते असं : धार्मिक संस्थेच्या रुग्णालयाने रुग्णाला दुसरीकडे पाठवलंच पाहिजे ही सक्ती, माहिती न देणाऱ्या डॉक्टरला शिक्षा, आणि आधी मूल वा गर्भपात झालेल्या अल्पवयीन मुलीला पालकांच्या संमतीशिवाय साधन मिळण्याची मुभा. शेवटचं सर्वांत महाग पडलं. १५ ते १९ वयोगटातल्या गर्भार राहिलेल्या मुलींचं प्रमाण २०१३ च्या पाहणीत १० टक्क्यांच्या आसपास होतं, आणि दार बंद झालं ते त्यांनाच.

तिसरा टप्पा सगळ्यात शिकण्यासारखा. १९८७ च्या त्यांच्या घटनेत (अनुच्छेद २, कलम १२) राज्याने मातेचं आणि "गर्भधारणेपासून" न जन्मलेल्याचं रक्षण समान करावं असं आहे. न्यायालयाने गर्भधारणा म्हणजे फलन, असं धरलं. म्हणून फलित बीजाला गर्भाशयात रुजू न देणारं कुठलंही साधन गर्भपातक ठरतं. नियमावलीत "मुख्यतः" गर्भपात घडवणारं औषध अशी व्याख्या होती, तो "मुख्यतः" शब्दच न्यायालयाने उडवला. आता प्रत्येक कंपनीने आणि तिथल्या औषध प्रशासनाने सिद्ध करायचं की रुजण्यावर अजिबात परिणाम होत नाही.

याच धाग्यावर एका कॅथलिक संघटनेने अर्ज केला आणि १७ जून २०१५ ला तात्पुरती मनाई आली. तिचे दोन भाग होते. इम्प्लानॉन आणि इम्प्लानॉन एनएक्सटी या इम्प्लांटची खरेदी, विक्री, वाटप बंद. आणि औषध प्रशासनाने कोणत्याही संततिनियमन साधनाची नवी नोंदणी द्यायची नाही किंवा जुनीचं नूतनीकरण करायचं नाही. लोक पहिल्या भागावर बोलतात, घातक होता दुसरा. नोंदणी प्रमाणपत्राला मुदत असते. नूतनीकरण थांबलं की एकेका ब्रँडची मुदत संपत जाते, मग आयात नाही, विक्री नाही. दुकानावर छापा नाही, जाहीर बंदी नाही, फक्त फळी रिकामी होत जाते. सरकारने आधीच विकत घेतलेली इम्प्लांट गोदामात अडकली, आणि त्यांनाही वापराची मुदत होतीच. वरून २०१६ च्या अंदाजपत्रकातून साधनांच्या खरेदीचे एक अब्ज पेसो संसदेने कापले.

सुटका झाली ती प्रशासकीय वाटेने. न्यायालयाने म्हटलं, औषध प्रशासनाने आक्षेप ऐकून, प्रत्येक उत्पादन तपासून गर्भपातक नसल्याचा निर्णय द्यावा, मनाई आपोआप उठेल. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ५१ उत्पादनं गर्भपातक नाहीत असा निर्णय झाला आणि मनाई उठली. कायदा मंजूर होऊन तोवर जवळपास पाच वर्षं गेली होती.

जननदर २०१३ मध्ये ३.०, २०१७ मध्ये २.७, २०२२ मध्ये १.९. हे सगळं श्रेय कायद्याला देऊ नका. मधे महामारी होती, शहरीकरण होतं, लग्नाचं वय वाढत होतं.

सांजवारा

हे फारच नेमकं, आभार. पण मग पोस्टिनॉर या आपत्कालीन गोळीचं काय? ती तिथे मिळते का?

उत्तरवाहिनी

२००१ सालीच तिथल्या औषध विभागाने तिची नोंदणी काढली, कारण हेच : गर्भपातक. तिच्यातलं औषध, लेव्होनॉर्जेस्ट्रेल, बीजोत्सर्ग पुढे ढकलतं. एलएचची (बीजोत्सर्ग घडवणाऱ्या हार्मोनची) लाट सुरू झाली की त्याचा फारसा उपयोग राहत नाही, म्हणून तर ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी. ते फलित बीज रुजू देत नाही हा जुना अंदाज होता, वेष्टनावरही तसं छापलेलं असे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ च्या डिसेंबरात तो मजकूर काढून टाकला. एका वेष्टनावरचं सावधगिरीचं वाक्य दुसऱ्या देशात कायदेशीर पुरावा म्हणून कसं वापरलं जातं, त्याचा हा नमुना.

तांबीची गोष्ट थोडी वेगळी. तांब्याचे आयन शुक्रजंतूंना निकामी करतात, मुख्य काम फलनाच्या आधीच होतं. पण बलात्कारानंतर किंवा चुकीनंतर पाच दिवसांत बसवली तर रुजण्यावर परिणाम होत असणार, हे नाकारता येत नाही. त्यामुळे पानमळा यांच्या कसोटीवर ती अडकतेच.

आठवा मजला

नैसर्गिक पद्धतीच्या आकड्यांवर. ९९ आणि ७६ दोन्ही छापलेले आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत.

आधी "नैसर्गिक" ही एक पद्धत नाही. जुनी कॅलेंडर पद्धत वेगळी, बिलिंग्ज (फक्त योनीतला स्राव बघायची) वेगळी, पाळीपासूनच्या ८व्या ते १९व्या दिवसांत संबंध टाळायची मण्यांची माळ (आपल्याकडे माला चक्र) वेगळी, आणि स्राव अधिक तापमान ही सिम्प्टो-थर्मल वेगळी. चांगले आकडे आहेत ते शेवटच्या पद्धतीचे. जर्मनीत ९०० स्त्रियांच्या अभ्यासात नियम तंतोतंत पाळणाऱ्यांत वर्षाला ०.४ टक्के गर्भधारणा. हा ९९ चा उगम.

करायचं काय ते ऐका, म्हणजे मेहनत कळेल. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी तापमान, रोज साधारण एकाच वेळी, तोंडातून घेत असाल तर कायम तोंडातूनच. तापाचा एक दशांश दाखवणारा थर्मामीटर चालत नाही, दोन दशांश स्थळं लागतात. दिवसातून अनेकदा स्राव बघून रात्री सर्वांत निसरडा जो दिसला तो नोंदवायचा : कोरडा, चिकट, की अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा. सर्वोत्तम स्रावाचा शेवटचा दिवस हा शिखरदिवस, आणि तो दुसऱ्या दिवशीच ओळखता येतो. तापमानाचा नियम : आधीच्या सहा नोंदींपेक्षा सलग तीन जास्त, आणि तिसरी त्या सहांतल्या सर्वांत मोठीपेक्षा किमान ०.२ अंश सेल्सिअसने वर. तिसरी तेवढी नसेल तर चौथीची वाट बघा. शिखरानंतरचा तिसरा दिवस आणि तिसरं चढं तापमान, यातलं जे उशिरा येईल त्या संध्याकाळपासून वंध्य काळ सुरू.

चुकतं कुठे? ताप, रात्रपाळी, रात्री दोनदा उठवणारं तान्हं मूल, उशिरा उठणं, दारू. तापमानाचा आलेख बिघडतो. योनीमार्गाचा संसर्ग किंवा वीर्याचा अंश, स्राव वाचता येत नाही. पीसीओएसमध्ये (बीजकोशांचा विकार) स्राव अनेकदा येतो-जातो, शिखर खोटं निघतं. रजोनिवृत्तीजवळ आवर्तन लांबतं. आणि शुक्रजंतू पाच दिवस तग धरतात, म्हणून बीज सुटायच्या आधीचे दिवस धोक्याचे, ते मागे वळून मोजता येत नाहीत.

सत्तरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने बिलिंग्जची पाच केंद्रांत चाचणी घेतली. त्यात बंगळूर आणि मनिलाही होतं. नंतरच्या फेरविश्लेषणात नियम पाळलेल्या आवर्तनांतला अपयशाचा दर वर्षाला ३.१ टक्के निघाला आणि नियम मोडलेल्या आवर्तनांतला ८६.४ टक्के. काहीच न वापरता वर्षभरात ८५ टक्के स्त्रिया गर्भार राहतात, त्याच्याशी ताडून बघा. गोळी एक दिवस विसरली तर बहुधा निभावतं, इथे निभावत नाही, कारण नियम मोडला जातो तो नेमका सुपीक दिवशीच. सगळ्या नैसर्गिक पद्धती एकत्र धरून सर्वसाधारण वापरातलं अपयश जुन्या तक्त्यांत २४ टक्के होतं (तुमचे ७६ हेच), नव्यात १५. तुलनेसाठी नव्या तक्त्यात निरोध १३, गोळ्या ७, तांबी ०.८, इम्प्लांट ०.१.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने खरी अडचण नवऱ्याची. महिन्यातले दहा-बारा दिवस त्याने "नाही" ऐकून घेतलं पाहिजे. ज्या घरात बाईला नाही म्हणायची सोय नाही, तिथे ही पद्धत शिकवणं म्हणजे तिला चुकीचं औषध देणं.

चर्चला पूर्ण मान्य आणि भक्कम पुरावा असलेली एक पद्धत मात्र मागे पडते : स्तनपान. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी परत आलेली नाही, आणि वरचं दूध-पाणी अजिबात नाही. तिन्ही अटी एकत्र पाळल्या तर ९८ टक्के संरक्षण. एक जरी सुटली तरी दुसरी सोय त्याच दिवशी.

अर्धविराम

माहिती उत्तम, पण कल एका बाजूचा वाटतो. राज्यसंस्था साधनं "देते" तेव्हा काय होऊ शकतं तेही मांडा. १९७६-७७ या एका वर्षात भारतात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, कशा झाल्या ते आपल्याकडे सांगायला नको. पेरूमध्ये फुजिमोरी सरकारच्या कार्यक्रमात १९९६ ते २००० या काळात अडीच लाखांवर स्त्रियांच्या नळ्या बांधल्या गेल्या, बऱ्याच क्वेचुआ बोलणाऱ्या डोंगरी गावांतल्या, कोटा ठरवून. तिथे सुरुवातीपासून आवाज उठवणाऱ्यांत स्त्रीवादी वकील होत्या तशा कॅथलिक संस्थाही होत्या. 'हुमाने विते'चा सतरावा परिच्छेद सरकार ही साधनं सक्तीने लादेल अशी भीती व्यक्त करतो, आणि ती खोटी ठरली नाही.

आणि डॉक्टरने दुसरीकडे पाठवायचंच ही सक्ती रद्द झाली यात मला अन्याय दिसत नाही. विवेकाला न पटणारं काम करणार नाही, ते कुणाकडून करून घे हेही सांगणार नाही, ही सुसंगत भूमिका आहे.

उत्तरवाहिनी

पेरूबद्दल पूर्ण सहमत. कोटा आला की संमती संपते. पण त्यावर उपाय संमतीची तपासणी हा आहे, दवाखाना रिकामा ठेवणं हा नाही.

डॉक्टर व्यक्ती म्हणून नाकारू शकतो, यावर वाद नाही. संपूर्ण रुग्णालय, तेही तालुक्यातलं एकमेव, नाकारतं तेव्हा मामला वेगळा होतो. सर्वांत ठोस उदाहरण सिझेरियनचं. पोट उघडलेलंच आहे, नळ्या समोर आहेत, काही मिनिटांचं काम. अमेरिकेत कॅथलिक रुग्णालयांना नियमावलीच्या ५३व्या नियमाने ते करता येत नाही. मग त्या बाईला काही आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा भूल, पुन्हा टाके. तिसऱ्या सिझेरियननंतर हे सांगणं म्हणजे वैद्यकीय धोका वाढवणं आहे, त्याला विवेक हे एकच नाव पुरत नाही.

बोरूबहाद्दर

एचआयव्हीचं राहिलं. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. २००३ साली कार्डिनल लोपेझ त्रुहियो यांनी विषाणू लॅटेक्समधून पार जातो असं बीबीसीला सांगितलं. हे शास्त्रीयदृष्ट्या चूक होतं आणि जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. सातत्याने वापरलेला निरोध स्त्री-पुरुष संबंधातला संसर्ग सुमारे ८० टक्क्यांनी कमी करतो. उरलेले वीस टक्के लॅटेक्सच्या छिद्रांचे नाहीत, वापराचे आहेत : उशिरा घालणं, टोकाशी हवा राहणं, मुदत संपलेली असणं, आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावणं. तेलाने लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होतं, पाण्यावर आधारित जेलच हवं.

दुसरी गोष्ट नीतीची, तिथे चर्चमध्येच एकमत नव्हतं. दक्षिण आफ्रिकेच्या बिशपांनी २००१ मध्ये निरोधवाटपावर टीका केली, पण जोडप्यातला एकच बाधित असेल तर त्यांनी स्वतःच्या विवेकाने ठरवावं असं त्याच निवेदनात म्हटलं. पोप सोळावे बेनेडिक्ट २००९ मध्ये कॅमेरूनला जाताना विमानात म्हणाले की निरोध वाटून प्रश्न वाढतो. २०१० मध्ये मुलाखतीत म्हणाले की देहविक्रय करणाऱ्याने संसर्ग टाळायला वापरला तर ते जबाबदारीच्या दिशेने पहिलं पाऊल असू शकतं. व्हॅटिकनने त्याच डिसेंबरात खुलासा केला की गर्भनिरोधाबद्दलची शिकवण बदललेली नाही.

आज एचआयव्हीपुरता हा वाद बराच निवळलाय, कारण औषधं. बाधित जोडीदार नियमित एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) घेत असेल आणि विषाणूचं प्रमाण रक्ताच्या मिलिलिटरमागे २०० प्रतींच्या खाली टिकून असेल तर लैंगिक मार्गाने संसर्ग होत नाही. दुसऱ्यासाठी प्रेप (संसर्ग होऊ नये म्हणून आधी घ्यायचं औषध) आहे. यात गर्भनिरोध नाही, त्यामुळे शिकवण आड येत नाही. पण औषध सुरू करून पहिले सहा महिने आणि गोळ्या चुकतात तेव्हा निरोध लागतोच, आणि एआरटी देणारं कॅथलिक केंद्र नेमकं तेवढंच देत नाही. चांगली केंद्रं रुग्णाला शेजारच्या सरकारी केंद्राचा पत्ता देतात, न बोलता.

सांजवारा

शेवटचं एक. सिझेरियनचा मुद्दा आपल्याकडे, मिशनच्या रुग्णालयात नाव घातलेल्या बाईला कसा सोडवायचा? नसबंदी किंवा तांबी हवी असेल तर?

आठवा मजला

नाव घालतानाच विचारायचं, उशिरात उशिरा सातव्या महिन्यात, आणि स्पष्ट : "सिझर झालं तर त्याच वेळी ऑपरेशन करता का?" नाही म्हणाले तर रुग्णालय बदलायला वेळ हातात राहतो. कळा सुरू झाल्यावर विचारून उपयोग नाही.

बदलायचं नसेल तर : नॉर्मल बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत सरकारी रुग्णालयात मिनीलॅपने (पोटावर लहान छेद देऊन) होतं, ते चुकलं तर सहा आठवड्यांनंतर. दुर्बिणीचं ऑपरेशन बाळंतपणाला लागून करत नाहीत. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, सर्वांत चांगली वार पडल्यापासून दहा मिनिटांत. तेही चुकलं तर सहा आठवडे थांबा. ३८०ए प्रकारची तांबी दहा वर्षं चालते, ३७५ पाच. तोवर अंगावर पाजत असेल तर वर लिहिलेल्या तीन अटी, किंवा छाया गोळी, तिने दूध कमी होत नाही : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा.

सरकारी नियमाप्रमाणे नसबंदीला वय २२ ते ४९ आणि किमान एक मूल वर्षावरचं लागतं. सही फक्त तिची. नवऱ्याची सही आणा असं काउंटरवर सांगतात, तशी अट नाही.